‘विथ’ घालून खरं वाक्य

१७ जून, सोमवार. बिलोली

शाळा उघडल्या-उघडल्या रामलिंग सरांनी माझ्या गळ्यात घंटा बांधली. परिपाठातला ‘आजचा इंग्रजी शब्द’ ह्या वर्षी माझ्याकडे. म्हणे, "मॅडम, तुमची लेक लातूरला इंग्लिश मीडियमला, तुम्हाला सोपं जाईल." हेडमास्तर माणूस, त्यात गोड बोलणारा. काय करणार? हाव म्हणलं.

मागच्या वर्षी सर स्वतःच शब्द द्यायचे. एलिफंट, अंब्रेला, एअरोप्लेन. पोरं घोकून यायची आणि "धिस इज ॲन एलिफंट" म्हणून हापशाकडं बोट दाखवायची. मी ठरवलं, असले जडजड शब्द बंद. रोजचा, बारका, सगळीकडं लागणारा शब्द घ्यायचा, आठवडाभर तोच घोळायचा. अट एकच, वाक्य खरं पाहिजे. जे घडलंच नाही ते इंग्रजीत सुद्धा घडवायचं नाही.

पहिला शब्द दिला, विथ. बरोबर, सोबत, संगं, काय म्हणायचं ते म्हणा. तिसरीतल्या सुकन्याचा हात सगळ्यात आधी वर. घरी तेलुगू बोलते, शाळेत मराठी, अन् आता ही तिसरी. "आय ईट भाकर विथ मिरची." खरं का गं? "हाव टीचर, आज सकाळीच." मागनं एक जण उठला, "माय फादर लिव्हज विथ जेसीबी." वर्ग फिदीफिदी हसला, पण ते खोटं नव्हतं. त्याचा बाप हैदराबादला जेसीबी चालवतो आणि झोपतो पण त्याच्यातच. अर्ध्या वर्गाचे आईबाप हैदराबादला नाहीतर निजामाबादला, अन् लेकरं आजीपाशी. सुकन्याचंही तसंच. मी म्हणलं, करेक्ट, बस खाली.

खोलीवर आले तर पार्वतम्मा, माझी घरमालकीण, ओट्यावर तांदूळ निवडायली होती. रोजच्यासारखं तेलुगूत विचारलं, "टीचरम्मा, अन्नं तिन्नावा?" जेवलीस का, बाई. एवढं विचारणारं कुणीतरी आहे म्हणून ह्या गळक्या खोलीत इतकी वर्षं काढली. बदल्यांचं पोर्टल ह्या वर्षी उघडणार अशी आवई आहे. पती-पत्नी एकत्रीकरण. काय शब्द काढलाय! जसे काही दोन सातबारे एकत्र करायलेत. आलोक बँकेत, लातूरला. मी नांदेड जिल्ह्याच्या ह्या टोकाला. अक्षरा चार वर्षांची होईपर्यंत माझ्यासोबत ह्याच खोलीत होती, मग चांगल्या शाळेसाठी लातूरला ठेवली. लोकांची लेकरं मी शिकवते, माझं लेकरू लोक शिकवतेत.

डायरी लिहायची तर तीच अट इथं पण. खरंच लिहायचं.

२९ जून, शनिवार. लातूर

सकाळची शाळा करून देगलूर, उदगीर करत एसटीनं लातूर गाठलं. अंग नुसतं आंबून गेलेलं. पण दार उघडलं आणि शीण कुठल्या कुठं पळाला. अक्षरा ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास घेऊन उभी! "मम्मी, प्रवास कसा झाला?" दहा वर्षांची पोर आणि बोलणं असं, की मलाच माझी चप्पल नीट ठेवावी वाटली. बाथरूममध्ये नवा टॉवेल. आलोकनं कलाकंद आणलेला. पहिली गरम पोळी माझ्या ताटात.

मी असले की ती कधी हट्ट करत नाही. अभ्यास मी विचारायच्या आधी झालेला. ताईंशी मात्र मांजरीसारखी भांडते. ताई म्हणजे सौदामिनीताई, आलोकची थोरली बहीण. नवरा लवकर गेला तेव्हापासून औशाला शेतावरच्या घरात राहायच्या. अक्षराला लातूरला ठेवायचं ठरलं तशा तिच्यासाठी इथं आल्या. आज दुधावरून दोघींची जुंपली. "मी नाही पिणार, तूच पी!" "तुझ्या बापाला पाजलंय लहानपणी, तू कोण लागून गेलीस?" मी आत पाऊल टाकलं तशी अक्षरा गप. दूध घटाघट पिऊन वर म्हणली, "सॉरी मम्मी."

ताईंचा धाकच नाही लेकराला. शेवटी आई ती आईच. एका दिवसापुरती येते, पण नुसत्या नजरेनं काम होतं. आलोकला हे सांगितलं तर तो "हूं" म्हणला आणि टीव्ही मोठा केला.

११ जुलै, गुरुवार. बिलोली

अक्षराच्या शाळेत पण ‘वाक्यात उपयोग करा’ चालू झालंय. व्हिडिओ कॉलवर शब्द वाचून दाखवायली होती, त्यात विथ निघाला. मला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. आमच्या शाळेची अट सांगितली, खरं वाक्य पाहिजे. तिला ती लई आवडली. डोळे मिटून एका दमात म्हणली, "आय लिव्ह विथ पप्पा अँड आत्या. आय स्लीप विथ आत्या. आय फाइट विथ आत्या एव्हरी डे." मागनं ताई हसल्या, "लिही, लिही! कळू दे तुझ्या मॅडमला पण तुझे गुण."

मी म्हणलं, "अन् माझ्यावर एक?"

तिनं पेन्सिल ओठाला लावली. विचार केला. इतका वेळ केला की मला वाटलं रेंज गेली. मग म्हणली, "आय टॉक विथ मम्मी ऑन द फोन." आणि लगेच, "बरोबर आहे ना?"

बरोबर होतं. व्हेरी गुड म्हणलं आणि फोन ठेवला. वरणाला फोडणी द्यायची राहिली होती, तसंच खाल्लं. खरं वाक्य कर असं मीच शिकवलं आणि तिनं केलं, तर मला का झोंबावं? पण झोंबलं. एखादं खोटं चाललं असतं मला. आय लिव्ह विथ मम्मी. तेवढं एकच.

१२ सप्टेंबर, गुरुवार. लातूर

महालक्ष्म्यांसाठी रजा टाकून आले. घरची सून मी, पण लक्ष्म्या उभ्या केल्या ताईंनी. साड्या नेसवल्या ताईंनी. मुखवटे कुठल्या डब्यात, माळा कुठल्या पिशवीत, सोळा भाज्यांची टोपली कुणाकडनं येते, सगळं त्यांनाच ठावं. मी आपली इकडून तिकडं. कुंकवाचा करंडा शोधत होते तर अक्षरा म्हणली, "मम्मी, तू बस ना, मी देते." आणि दिला. शेजारणी म्हणल्या, "राजश्रीताई, नशीबवान आहात बघा, किती गुणाची लेक!"

हाव म्हणलं. गुणाचीच आहे. मग मला सारखं असं का वाटायलंय की मी पण हळदीकुंकवालाच आलेय?

मेची सुट्टी असते, नाही असं नाही. पण ती लग्नसराईत आणि नांदेडला माझ्या माहेरी जाते, आणि तिथं तर आम्ही दोघीही पाहुण्या.

२८ नोव्हेंबर, गुरुवार. बिलोली

आज सुकन्यानं माझा जीव खाल्ला. परिपाठात पहिला नंबर दुसऱ्या पोरीला दिला म्हणून बाईसाहेब फुगल्या. "टीचर, कट्टी!" खिचडीच्या वेळेला माझ्याकडं पाठ करून बसली. समजवायला गेले तर माझ्या हातावर फटका मारला. रामलिंग सर लांबून बघायले. म्हणले, "मॅडम, लई डोक्यावर बसवलंय तुम्ही."

खरंय. जूनपासून ती माझ्या खुर्चीला खेटूनच बसते. सतरंजीवर बस म्हणलं की तोंडावर वाक्य फेकते, "आय सिट विथ टीचर." खरं वाक्य, काय बोलणार? शाळा सुटल्यावर कट्टी विसरली आणि माझी रिक्षा येईपर्यंत माझा पदर धरून उभी राहिली. सकाळी आजीनं कसं मारलं, आईचा फोन कसा आला नाही, शेळी कशी व्याली, सगळं एका श्वासात. मध्येच मला "अम्मा" म्हणून गेली आणि जीभ चावली.

ह्या पोरीला जरा वळण लावायला पाहिजे. आमची अक्षरा असलं काही स्वप्नात सुद्धा करायची नाही.

३० डिसेंबर, सोमवार. औसा

आज येळवस. लातूरकडं ह्या अमावस्येला गावंच्या गावं ओस पडतेत, सगळी माणसं रानात. आम्ही पण औशाजवळच्या आमच्या शेतात आलो. कडब्याची कोप, म्हणजे बारकी खोपटी केली, पूजा झाली. शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, भाकर, माठात ताकाची अंबिल. ज्वारी छातीला लागायली. इतकं बरं वाटलं की मी दोनदा भज्जी मागून घेतली.

जेवणं चालू असताना अक्षरा बोरं काढायला बांधावर गेली. थोड्या वेळानं जोरात किंचाळली. पायात बोराटीचा काटा, लई आत घुसलेला. लंगडत, रडत पळत आली. मी तिच्या वाटेतच उभी होते. हात पसरले, खाली वाकले सुद्धा.

ती माझ्या बाजूनं निघून गेली.

कोपीपाशी ताई वाढत होत्या, त्यांच्या पोटात जाऊन घुसली. हमसून हमसून रडली, वर त्यांनाच बुक्क्या मारायली, "तू का नाही सांगितलं तिथं काटे आहेत म्हणून!" ताईंनी आधी शिव्या घातल्या, "डोळे काय कपाळात गेले होते का गं भवाने?" मग मांडीवर पाय घेऊन पिनेनं काटा काढला. पोर मोठ्यानं बोंबलली, ताईंच्या दंडाला चावली. काटा निघाला, तोंड धुतलं, आणि मग माझ्याकडं आली. शांतपणे म्हणली, "मम्मी, तू काळजी करू नकोस हां. जास्त नाही लागलं."

माझे हात अजून तसेच होते. त्यांचं काय करावं कळेना, म्हणून अंबिलाचा माठ उचलला आणि उगाच दुसरीकडं नेऊन ठेवला. आलोकनं बघितलं असणार, कारण तो उठून म्हणला, "चल, हरभरा बघून येऊ." हरभऱ्यात मी ढसढसा रडले. म्हणलं, मला इथं यायचंय. नोकरी सोडावी लागली तर सोडते, पण यायचंय. मला माझं लेकरू पाहिजे. तो म्हणला, "लेकरू तुझंच आहे की." मी म्हणलं, नाही, मला काळजी करू नको म्हणणारं नको. मला चावणारं पाहिजे.

तो बघतच राहिला. मलाही आत्ता लिहिताना ते वेड्यासारखं वाटायलंय. पण बोलले ते बोलले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. बिलोली

बदलीचा अर्ज भरला. रामलिंग सरांनी शाळेच्या कॉम्प्युटरवर बसवून भरून घेतला. वर म्हणले, "मॅडम, माझ्या हातानं मी माझाच पाय तोडून राहिलो." माणूस वाईट नाही.

रविवारी आलोकनं एक वाक्य टाकलं होतं, ते डोक्यातून जाईना. म्हणला, "अक्षराची आता पाचवी. ताईची सवय आहे तिला. सगळं एकदम बदललं तर झेपेल का?" मी विचारलं, कुणाला? त्यानं पेपर उघडला. त्याचं मन वाईट नाही. घराचं चाक फिरायलंय, त्याला भीती की मी मध्ये दगड होऊन बसेन. मला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. समजा मी तिथं गेले आणि तिथं मी कुणालाच लागत नसले तर?

इथं निदान सुकन्याला लागते.

२४ एप्रिल, गुरुवार. बिलोली

आलं! ऑर्डर आली! लातूर जिल्हा, औसा तालुका, लातूरहून रोज जाऊन-येऊन करता येईल असं गाव. शाळेत पेढे वाटले. पार्वतम्माला सांगितलं तर तिनं माझे दोन्ही गाल धरले, हसली, आणि मग आत जाऊन बराच वेळ बाहेरच आली नाही.

लातूरला फोन केला. आलोक म्हणला, "वा! अभिनंदन." बँकेतल्या साहेबासारखं. अक्षरा म्हणली, "काँग्रॅच्युलेशन्स मम्मी!" ताई म्हणल्या, "ये माय, ये. लई वाट बघितलीस."

तिघांत रडल्या त्या ताईच.

३० एप्रिल, बुधवार. बिलोली

कार्यमुक्त झाले. कागदावर असंच लिहितेत, कार्यमुक्त.

निरोपाला पोरांनी विथची वाक्यं केली होती. "वुई प्ले विथ टीचर." "टीचर ईट्स खिचडी विथ अस." रामलिंग सरांनी सुकन्याला उठवलं. ती उठेना. निरोपाला आलेल्या तिच्या आजीनं ढकललं तशी उभी राहिली आणि म्हणली, "न्हाई म्हणत. माझं वाक्य खोटं झालं." सर म्हणले, "अगं म्हण की बाळा, छान येतं तुला." ती ओरडली, "खोटं झालं म्हणलं ना! टीचर चालल्या ना!" आणि जमिनीवर बसून पाय आपटायला लागली. मी जवळ घेतलं तर मला मारायली. गालावर, खांद्यावर, जिथं लागेल तिथं. सर सोडवायला आले, मी म्हणलं राहू द्या. मारू दिलं. मारून मारून दमली आणि तशीच माझ्या खांद्यावर झोपली. आजीकडं दिली तेव्हा साडीवर तिची लाळ होती.

पार्वतम्मानं ओटी भरली. "पोई रा, टीचरम्मा." जाऊन ये. कधी येणार आता मी?

देगलूर येईपर्यंत रडले. मला कशाचं दुःख व्हायलंय तेच कळत नव्हतं. ज्याची इतकी वर्षं वाट बघितली तिकडंच तर चालले होते.

८ जून, रविवार. लातूर

घरात येऊन महिना झाला, आणि माझे कपडे अजून बॅगेत. कपाटात जागा नाही. आलोक रोज म्हणतो, करू. माझ्या जुन्या कप्प्यात अक्षराच्या चित्रकलेच्या वह्या-रंगपेट्यांची जत्रा. तिला म्हणलं तर ती लगेच आवरायला लागली, "सॉरी मम्मी, मी काढते." मीच म्हणलं, राहू दे गं.

पाणी अजून ट्रेमध्येच येतं. "मम्मी, तुला काही पाहिजे का?" रोज विचारते. मला काय पाहिजे ते कसं सांगू हिला?

आज हौसेनं तिची वेणी घातली. ती मान ताठ करून बसली, हूं नाही की चूं नाही. झाल्यावर आरशात बघून म्हणली, "छान झाली, थँक्यू." थोड्या वेळानं मी गॅलरीत कपडे काढायला गेले, तर आतल्या खोलीत ताईंपुढं बसलेली. माझी वेणी सोडलेली. "हळू ना आत्या! किती ओढतेस!" ताई म्हणत होत्या, "हळू बोल, आई ऐकंल." मी कपड्यांमागं उभी राहिले. इतकं साधं बोलणं, किती ओढतेस. ते मला म्हणायला हिला काय होतं? मी पण ओढलीच असेन की.

संध्याकाळी भाजी निवडताना ताई म्हणल्या, "राजश्री, आता शाळा सुरू झाल्या की मी औशाला जाते. तिथलं घर उघडं पडलंय. तुझा संसार तुझ्या ताब्यात." खरं लिहायचं ठरलंय, तर लिहिते. मला आनंद झाला. तोंडानं "असं काय ताई, राहा की" म्हणलं, पण मनातून उकळ्या फुटल्या. ह्या गेल्या की पोर आपोआप माझ्याकडं वळेल. दुसरीकडं जाईल कुठं?

अक्षरा तिथंच गृहपाठ करायली होती. तिनं सगळं ऐकलं. वर न बघता नुसतं म्हणली, "ओके."

पूर्वी मी म्हणाले असते, किती समजूतदार. आज ते ओके ऐकून मी निवडलेलीच भाजी परत निवडत बसले.

१९ जून, गुरुवार. लातूर

नव्या शाळेत रुजू होऊन चार दिवस झाले. पोरं इथली निव्वळ मराठी बोलणारी, लाजरी. मी विथ दिला, पण कुणी वाक्य करेना. एक पोरगी बाकाच्या कोपऱ्यावर रेघोट्या ओढत बसलेली, तिच्याकडं बघून मला सुकन्याची एवढी सय आली की फळ्याकडं तोंड केलं.

घरी अक्षरा जेवत नाही. भांडत पण नाही, ताईंशी सुद्धा नाही. ताई दूध देतेत, ती पिते. ताई बस म्हणतेत, ती बसते. थँक्यू आत्या. ताई आज स्वयंपाकघरात भिंतीला टेकून रडायल्या. म्हणल्या, "परक्यासारखी वागायलीय गं माझ्याशी. मी काय केलं हिचं?"

ते दुःख मला पाठ आहे.

२२ जून, रविवार. लातूर

ताईंची जायची तयारी झाली. एक बॅग, एक लोणच्याची बरणी, देवाचा डबा. आलोकनं रिक्षा बोलावली, औशाची एसटी धरायची होती. अक्षरा सोफ्यावर टीव्ही बघत बसलेली. ताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, ती हलली नाही. "येते गं बाळा." "ओके, बाय आत्या."

ताई दारात गेल्या. मी त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि सहज म्हणलं, "सावकाश जा ताई, इकडची काळजी करू नका, अक्षराचं मी बघते."

तेवढ्यानं ठिणगी पडली. रिमोट भिंतीवर आपटला. अक्षरा उठून माझ्यासमोर आली, तोंड लालभडक. "काय बघतेस तू? तुला काय माहितीय माझं? तू आलीस म्हणून आत्या चाललीय! तू कशाला आलीस? तू शनिवारी यायचीस तेच चांगलं होतं!" मग मराठी पुरेना म्हणून की काय, इंग्रजीत ओरडली, "आय ॲम सो अँग्री विथ यू! आय ॲम सो, सो अँग्री विथ यू!"

आलोक धावला, "अक्षरा!" काळजात सुरी फिरावी तसे शब्द होते. फिरलीही. रडू आलंच होतं मला, पण ती माझ्या इतकी जवळ आली होती की तिचा गरम श्वास माझ्या पोटाला लागत होता. पहिल्यांदाच ती काही सांभाळून बोलत नव्हती. तिनं दोन्ही मुठींनी माझ्या पोटावर मारलं. चांगलं लागलं.

ताईंनी बॅग खाली ठेवली आणि पुढं आल्या, "अक्षू! आईला असं बोलतेत का?"

मी त्यांचा हात धरला. म्हणलं, "ताई, थांबा. जायचं पण नाही अन् मध्ये पडायचं पण नाही. माझ्याशी भांडायलीय ती."

अक्षरा थांबली नाही. "डब्यात रोज खिचडी देतेस! तुझ्या शाळेतली पोरं आहोत का आम्ही?"

"हाव, खिचडीच देते."

"तुला माझी वेणी पण नीट घालता येत नाही!"

"नाही येत."

"एवढी मोठी टीचर आहेस आणि वेणी येत नाही! मग शीक ना!"

"शिकव मला. पण किंचाळू नकोस, शेजारचे जमतील."

"किंचाळणार!"

"किंचाळ मग!" मी पण आवाज चढवला. माझाही आवाज मला नवाच वाटला. तिच्यावर मी इतक्या वर्षांत एकदाही ओरडले नव्हते.

खाली रिक्षावाला हॉर्न देत होता. आलोक चप्पल न घालताच गेला, त्याला परत पाठवून वर आला. तरी आमचं चालूच होतं.